उताराचा भराव

मित्रांनो, बांधकामाच्या भंगारात गंजत पडलेला मी एक जुना धुमस. जमीन चोपायची, एवढंच माझं काम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लोखंडी बूड ओतलं, बाभळीचा दांडा बसवला आणि बाबालाल गवंड्यानं मला घरी नेलं. त्याच्या हाताखाली मी कितीतरी घरांच्या जोत्यांचा भराव घट्ट केला. लोक म्हणायचे, बाबालालनं चोपलेल्या जमिनीत पहार शिरत नाही.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात आम्हाला फुलेवाडीकडच्या एका बंगल्यावर बोलावलं. मालकांना सगळे आण्णा म्हणत. त्यांनी नातवंडांसाठी मुंबईहून पोहण्याची टाकी आणली होती. खड्डा न खणता जमिनीवरच उभी राहणारी, पत्र्याच्या गोल भिंतीची, आतून निळ्या रबरी कापडाची. तिला जमीन मात्र काटेकोर सपाट हवी होती.

बाबालालनं पाण्याची नळी धरून लेव्हल पाहिली. एका अंगाला दीड हात उतार होता.

"आण्णा, चढ तासूया," तो म्हणाला. "उतार भरला तर भराव खाली बसणार. पाण्याचं वजन लई असतंय."

चढावर आण्णांचे गुलाब होते. "गुलाबाला हात लावायचा न्हाय. माती टाक. रविवारी पावणं येणार हायत."

"मग वीत-वीत थर टाकून, पाणी मारून चोपाय पायजे. आठ दिवस लागतील. खाली धोंडुबाईचं खोपटं हाय, आण्णा."

आण्णा हसले. "बरंच हाय की. तिलाबी आंघोळीला पाणी हुईल."

धोंडुबाई विधवा होती. बारा वर्षं ती त्या खोपटात राहून बाग राखत होती. भरावाची माती तिनंच डोक्यावरून वाहिली. दोनच दिवस झाले आणि आण्णांनी चोपणं थांबवलं. वरचा थर तेवढा घट्ट झाला होता. खालची माती भुसभुशीत आहे हे मला प्रत्येक घावाला कळत होतं, पण मला वाचा नव्हती. बाबालालला वाचा होती. त्याचं कुणी ऐकलं नाही.

रविवारी टाकी काठोकाठ भरली. मुलं डुंबली, पाहुण्यांनी कौतुक केलं. सगळे जेवायला आत गेले आणि उताराकडचा भराव खचला. पत्रा फुगला, फाटला. सगळं पाणी एका लोंढ्यानं खोपटावर गेलं. धोंडुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. भिंत तिच्या कमरेवर पडली.

आण्णा धावत आले आणि आधी निळं कापड उचलून बघू लागले. बाबालालनं एकट्यानं माती उपसली आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

"गवंड्यानं धुमस नीट मारला न्हाय," असं आण्णांनी पाहुण्यांना सांगितलं. मग गावभर सांगितलं. बाबालालला कुणी काम देईना. दोन महिन्यांनी आण्णांनीच निरोप धाडला. नवा पत्रा आला होता. खोपटं पडल्यामुळं तिथली जागा मोकळी झाली होती, आणि ती सपाट होती.

बाबालालच्या घरात चूल पेटत नव्हती. तो गेला. खाली मान घालून त्यानं मला उचललं आणि धोंडुबाईच्या चुलीच्या जागी आपटलं.

त्याच दिवशी ती काठी टेकत आपलं सामान न्यायला आली.

"बाबालालभाई," ती म्हणाली, "तितं जोर लावू नगंसा. बारा वर्सं म्याच चोपलीया ती."

"आक्का, माझा नाइलाज हाय," तो म्हणाला.

"व्हय, दिसतंय की." तिनं मातीतून तवा उकरून काढला आणि आजऱ्याला भावाकडं निघून गेली.

मित्रांनो, ती टाकी पुढं नऊ वर्षं तिथं उभी होती. तसूभरही कलली नाही. आण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकानं दाखवत. बाबालालनं मात्र त्या संध्याकाळी मला कुंपणापाशी टाकलं आणि पुन्हा कधी धुमस धरला नाही.

तुम्ही मोठे व्हाल, घरं बांधाल, हौस म्हणून हौदही बसवाल. जरूर बसवा. फक्त पाणी सोडण्याआधी चार पावलं खाली उतरा, आणि तिथं कोण राहतं ते बघून या.