लिफ्टचा दरवाजा कोणी उघडला?

मित्रांनो, माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते कागदावर उतरवणारं मी एक जुनं यंत्र आहे. डोक्याला माझ्या तारा चिकटवल्या, की माझ्या आठ सुया शाईने आठ रेघा काढू लागतात. मी नवीन होतो तेव्हा मला बघायला डॉक्टरांची रीघ लागायची. आता पडद्यावर रेघा दाखवणारी माझी धाकटी भावंडं आली आहेत. ती बिघडली, की मगच माझी आठवण होते.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एक गोष्ट कळली. ऐकताना सगळं ठरल्यासारखं, बरोबर चाललं असेल, तर मेंदू आरामात पडून राहतो. गोष्टीत काही खटकलं, की तो टुणकन उठून बसतो आणि माझी सुई उडते. हे मला तोंडाने सांगता आलं असतं, तर आजची पाळी आली नसती.

समोरच्या खाटेवर लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री आहेत. तीन आठवड्यांपूर्वी शिडीवरून पडले, ते अजून शुद्धीवर आलेले नाहीत. सकाळीच डॉक्टर म्हणाले, "आवाजाला काही प्रतिसाद देतात का, एकदा शेवटचं बघू. नाहीतर उद्या यांना मागच्या वॉर्डात हलवावं लागेल." मागच्या वॉर्डात नुसती देखभाल होते. तिथून कोणी आपल्या पायांनी घरी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मिस्त्रींची बायको सकाळपासून बोलत होती. "अहो, ऐकताय ना? धाकटी पास झाली. नळ गळायचा थांबला. डोळे उघडा की हो." त्या माउलीचा घसा बसला, पण माझ्या रेघा संथच राहिल्या.

दुपारी मिस्त्रींचा जोडीदार आला. वीस वर्षं दोघं एकत्र कामाला, आणि हा एक नंबरचा थापाड्या. खाटेशी बसून त्याने आपली नेहमीची गोष्ट काढली.

"वहिनी, ती लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती ना? आत कोण, तर दातांचा डॉक्टर आणि त्याच्याच खुर्चीतून पळून आलेला पेशंट! आता पळणार कुठे? शेवटी मीच वर चढलो, मीच दरवाजा उघडला. बघतो तर दात डॉक्टरच्या हातात!"

"मीच" म्हणताच माझी चौथी सुई ताडकन उडाली. आतला माणूस ऐकत होता! त्याला खटकलं होतं! मी जीव तोडून रेघ ओढली, पण ती उमटलीच नाही. चौथ्या सुईची शाई संपली होती. कित्येक महिन्यांत कोणी बघितलंच नव्हतं.

सुई कागदावर कोरडीच खरखरली. तपासणी करणाऱ्या ताईंनी तो आवाज ऐकला. "अगं बाई, शाईच नाही!" म्हणत त्यांनी लगबगीने शाई भरली. "दादा, तीच गोष्ट परत सांगा. मघाशी काहीतरी हललं असं वाटलं मला."

माझ्या जिवात जीव आला. मिस्त्रींच्या बायकोने हात जोडले. "भावोजी, आता अगदी नीट सांगा हो. सगळं यावरच आहे."

जोडीदाराचा चेहरा उतरला. त्याने मिस्त्रींचा हात हातात घेतला.

"वहिनी, आज खोटं नाही बोलवत. दरवाजा यानेच उघडला होता, जीव धोक्यात घालून. मी खाली चहा पीत होतो. मी दर वेळी थाप मारायचो, आणि हा दर वेळी मला टोकायचा." बोलता बोलता तो हमसून रडू लागला. वहिनी रडल्या, ताईंनीही डोळे पुसले.

आणि माझ्या आठही सुया संथ. सगळं खरं होतं. मिस्त्रींना टोकण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. डॉक्टर आले, त्यांनी कागद बघितला, मान हलवली. "उद्या सकाळी हलवू."

मित्रांनो, म्हाताऱ्या यंत्रांची शाई वेळच्या वेळी बघत जा, हे मागणं तर आहेच. पण आत्ता मला त्याहून मोठं काही मागायचं आहे, आणि वेळ थोडा आहे. ताई तारा सोडवायला लागल्या आहेत. जोडीदार अजून दारात डोळे पुसत उभा आहे. कोणीतरी त्याला हाक मारा हो. त्याला सांगा, बाबा रे, परत खाटेशी बस आणि खोटं बोल. दरवाजा मीच उघडला, म्हण!