वरच्या मजल्यावरचे आजोबा

तैवानच्या कीलुंग शहरातला तो फ्लॅट पेई-शानने भिंतींच्या ताज्या रंगाला भुलून घेतला आणि भाड्याने दिला. महिन्याभरात छतातून पाणी झिरपू लागलं. तिने प्लास्टर करून घेतलं, पुन्हा रंग दिला. ओल पुन्हा हजर! गळती वरच्या न्हाणीघराची होती, पण वरचे चुआंग आजोबा प्लंबरला दारात उभं करत नव्हते.

“माझी फरशी कोरडी आहे. तुझं छत तू बघ!” म्हणत आजही त्यांनी दार लावलं, तशी ती जिन्यातच रडकुंडीला आली.

आवाज ऐकून भाडेकरू यू-छिंग तान्ह्या मुलीला घेऊन वर आली. तिने दार वाजवलं. “आजोबा, एकदा खाली येऊन बघता का?”

आजोबा कुरकुरत खाली आले. बाळाची ओली गादी त्यांनी चाचपून पाहिली. “हे मला कोणी दाखवलंच नाही,” ते पुटपुटले. “उद्या आणा तुमचा माणूस.”

पेई-शानला हायसं वाटलं, पण स्वतःचाच संतापही आला. तिने मावशीला फोन लावून सगळं सांगितलं.

“घर घेण्याआधी वरच्यांकडे चहाला जाऊन यायचं असतं, बाई,” मावशी म्हणाली. “भिंती काय, कोणीही रंगवतो.”

“मग आधी सांगायचंस ना!”

“विचारलं होतंस?”