धुण्याचा दगड

मोर्शीजवळच्या संत्र्याच्या बागेत, विहिरीपाशी, धुणं धुवायचा एक लांबट दगड होता. शालिकरामची पुतणी रागिणी अमरावतीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होती. ती सुट्टीत आली आणि त्या दगडापाशीच थबकली.

"काकाजी, हे झाड होतं. कोट्यवधी वर्षांत लाकडाचा दगड झाला."

शालिकराम चिडला. रोज दुपारी दगड सुकला की तो त्याच्यावर बसून विडी ओढायचा. झाड असतं तर त्याला कळलं नसतं काय?

रागिणीनं बादलीभर पाणी ओतलं. करड्या दगडात लाल, पिवळी, दुधाळ वलयं उमटली. लाल रंग लोखंडाचा, ती म्हणाली, आणि दुधाळ आहे तो अंगठीत बसवतात तो अकीक. घासून घासून गुळगुळीत झाल्यानं किंमत आणखीच वाढली होती.

शालिकराम बायकोवर, तानुबाईवर, उखडला. "चाळीस वर्षं धुणं धुऊन राहिली याच्यावर, तुले दिसलं नाही?"

"रोज दिसे," साडी पिळत तानुबाई म्हणाली.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं ना, लग्नाच्या सालीच. तुमी म्हणले, दगडात काय पायतं, धुणं आटोप."