कार्डाची मागची बाजू

भिंगरीला खुर्चीवर बसवणं म्हणजे पाण्याला गाठ मारण्यासारखं होतं. शाळेनं वर्षभर प्रयत्न केला, मग हात टेकले आणि आईला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की मुलगा हुशार आहे, पण आमच्याच्यानं होत नाही. आई तिरमिरीत घरी आली आणि तिनं दोन्ही मुलांची नावं काढून घेतली. त्याच्या बहिणीबद्दल, म्हणजे शहाणीबद्दल, कुणाची काडीची तक्रार नव्हती. ती वर्गात गपचूप बसायची, अक्षरं नुकती कुठे सुरू झाली होती. पण एकाला घरी ठेवायचं आणि एकीला पाठवायचं हे दिसायला बरं नाही, शिवाय त्याला सोबत होईल, असं आईनं ठरवलं. शहाणीला कुणी विचारलं नाही.

आईनं औषधाच्या दुकानातली नोकरी सोडली आणि कंबर कसली. भिंगरी पाय हलल्याशिवाय शिकत नाही हे तिनं ओळखलं आणि अख्खं घरच त्याच्या पायांखाली अंथरलं. जिन्याच्या एकेका पायरीवर उडी मारत पाढे. कणकेच्या वळकट्या करून अक्षरं. सोफ्यावर उभं राहून कविता, त्याही खालच्या मजल्यावरचे लोक काठीनं छत ठोकतील इतक्या मोठ्यानं. अक्षरांची कार्डं ती त्याच्या नाकासमोर नाचवायची, तो धावत येऊन कार्डाला टाळी द्यायचा आणि अक्षर ओरडायचा. दुपारपर्यंत आईचा पार पिट्ट्या पडलेला असायचा.

शहाणीचं तसं नव्हतं. तिला खिडकीशी पुस्तक देऊन बसवलं की काम झालं. "काय होतं गं गोष्टीत?" असं आई येता-जाता विचारायची, शहाणी गोष्ट सांगायची, आई "शाबास" म्हणून पुढे जायची. पाढे तिला भिंगरीच्या आधी पाठ. कविता तर एकही शब्द न चुकता. "एक पळून शिकतो, एक बसून शिकते," असं आई कौतुकानं सगळ्यांना सांगायची. तिनं एवढं सगळं पारखलं होतं, की आता आणखी बघण्यासारखं काही उरलंय असं तिला वाटतच नव्हतं.

मुलांची आत्या शिक्षिका होती आणि हा घरच्या शाळेचा प्रकार तिला मुळीच पटला नव्हता. त्या रविवारी ती आली ती नवंकोरं पुस्तक घेऊनच. चहा व्हायच्या आतच तिनं ते टेबलावरून शहाणीकडे सरकवलं.

"वाच बघू. आत्याला ऐकव."

बाबा भिंगरीला घेऊन खाली मैदानावर गेले होते. आई चहाचा ट्रे घेऊन शहाणीच्या खुर्चीमागे उभी राहिली, आणि खरं सांगायचं तर मनातून चांगलीच फुशारली होती. होऊन जाऊ दे आज, असं तिला वाटलं.

शहाणीनं ओळीखाली बोट धरलं आणि सुरुवात केली. "एक अस्वल होतं. त्याला नदीपलीकडे जायचं होतं. म्हणून त्यानं छत्री उलटी केली आणि तिची होडी केली."

आईनं पान पाहिलं. चित्रात नदी होती, अस्वल होतं, उलटी छत्रीही होती. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'वारा सुटला. अस्वलाची छत्री उलटी झाली. अस्वल रडू लागले.'

शहाणीचं बोट अगदी बरोबर सरकत होतं. ओळ संपली की खाली यायचं, पान संपलं की उलटायचं. प्रत्येक पानावर ती गोष्ट सांगत गेली, छापलेल्या गोष्टीपेक्षा चांगली सांगत गेली, आणि त्यातलं एकही वाक्य पानावर नव्हतं. टेबलापलीकडे आत्या डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होती.

शेवटचं पान उलटताना शहाणीनं मान वर करून आईकडे पाहिलं. आईला कळलंय हे तिला कळलं. आई एक शब्द बोलली असती तरी सगळं उघडं पडलं असतं.

"शाबास," आई म्हणाली.

आत्यानं चष्मा पुसला. "मी हरले बाई. मला वाटलं होतं मुलीचं नुकसान होणार. पण तू सोनं केलंस."

"तीच हुशार आहे हो ताई," आई म्हणाली. जीभ कशी उचलली, तिचं तिला माहीत. वर तिनं आत्याला आग्रहानं आणखी चहा दिला.

आत्या गेल्यावर आई शहाणीशेजारी येऊन बसली. रागवायचं कुणावर हेच तिला समजेना.

"तुला अक्षरं येत नाहीत का गं?"

"थोडी येतात. शाळेतली."

"मग पाढे? कविता?"

"तू त्याला शिकवतेस ते ऐकू येतं ना. ऐकलं की मला येतं." शहाणीनं पुस्तकाचा कोपरा दुमडला आणि परत सरळ केला. "अक्षरं नाही येत. तू कार्ड त्याच्याकडे धरतेस. मला मागून नुसतं पांढरं दिसतं."

एवढ्याशा खोलीत, हातभर अंतरावर ही पोर रोज कोऱ्या कार्डाकडे बघत बसली होती.

"मग मला सांगायचं नाही का, राणी?"

"तू बाबांना म्हणाली होतीस, 'एक तरी आपली आपण शिकते म्हणून निभतंय. नाहीतर मी वेडी झाले असते.'" शहाणीनं हे आईच्याच सुरात सांगितलं, शब्द न शब्द. मग हळूच म्हणाली, "तू आत्याला सांगितलं नाहीस ते बरं झालं."

ते आभार आईला थोबाडीत बसावेत तसे बसले. तिनं फोन उचलला. आत्या अजून रस्त्यातच होती, मागे गाड्यांचा आवाज येत होता.

"ताई, तिला वाचता येत नाही. ती मनानं सांगत होती. मला तिथेच कळलं होतं, पण मी बोलले नाही. तिचं काही चुकलेलं नाही, मीच तिच्याकडे बघितलं नाही."

"उद्या संध्याकाळी येते," आत्या म्हणाली. "आता फोन ठेव आणि तिच्याजवळ बस."

आई बसली. तिनं कार्डांचा गठ्ठा आणला, वरचं कार्ड शहाणीकडे तोंड करून धरलं आणि अक्षराचा उच्चार केला. शहाणीनं तोंड उघडलं, तेवढ्यात दार धाडकन उघडून भिंगरी आत आला. "आई! आई, इकडे ये! आई, बघ ना!"

आई अर्धी उठलीसुद्धा. तिच्या अंगवळणीच पडलं होतं ते.

"जा तू," शहाणी म्हणाली. "माझं झालं."

काहीच झालं नव्हतं. आई परत खाली बसली. "थांब रे जरा," तिनं ओरडून सांगितलं, "शहाणीचं चाललंय."

असं वाक्य त्या घरात कधी कुणी बोललंच नव्हतं. भिंगरी दारातच थबकला. आणि शहाणी घाबरून आईला म्हणाली, "नको, आई. त्याला वाईट वाटेल."