फिरत्या बेटावरचं मीठ

"तिकडं मीठ कोन पिकवतं?" गोदाने विचारलं आणि तुळसाचं वाचन अडलं.

पुस्तकातलं जहाज नुकतंच खडकावर आपटून फुटलं होतं आणि नायक एका फळीला धरून फिरत्या बेटाला लागला होता. हे बेट एका जागी राहत नसे. समुद्रभर आपलं आपण हिंडायचं, म्हणून कुठल्याच नकाशात ते सापडत नव्हतं. जगाने बुडाली म्हणून सोडून दिलेली देशोदेशीची खलाशी माणसं तिथे सुखाने नांदत होती. पंखांची हरणं होती, बोलणारी झाडं होती. त्या कशाबद्दलही गोदाला शंका नव्हती. तिचं अडलं ते मिठापाशी.

"लिवलं नाय, आय."

"फुडं येल. वाच तू."

पुस्तक डोंबिवलीच्या शाळेतलं होतं. कोपरच्या त्या आळीतून आठवीपर्यंत पोचलेली तुळसा ही पहिलीच मुलगी, म्हणून मंदाकिनीबाईंनी ते तिला कौतुकाने महिनाभरासाठी दिलं होतं. "गोष्ट उतरवून आणू नकोस हं," त्यांनी बजावलं होतं, "वाचून तुला काय वाटलं ते लिही." तुळसाला आजवर पुष्कळांनी पुष्कळ काही विचारलं होतं. पाणी भरलंस का, कोंबड्या झाकल्यास का. तुला काय वाटलं, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. ती हरखली होती आणि थोडी घाबरलीही होती.

श्रावण लागला होता. लावणी उरकलेली, मिठागरं पाण्याखाली, हातांना काम कमी. दरवर्षी पोथी वाचणारे पंढरीबुवा दम्याने अंथरुणाला खिळले होते. अशात पोरगी ओटीवर बसून जाडजूड पुस्तक मोठ्याने वाचतेय म्हटल्यावर गोदाने हातपाय धुतले, पाट मांडला, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून समोर बसली.

"आय, ही पोथी नाय गो. गोष्टीचा पुस्तक हाय."

"सगल्या पोथ्या गोष्टीच्याच असतान," गोदा म्हणाली. यावर आठवीच्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून रोज सांजेला दिवा लागला की वाचन सुरू होई. गोदाचे प्रश्न संपत नसत. त्या बेटावर पाऊस पडतो का? तापबीप आला तर बघतं कोण? घरची आठवण झाली तर माणसं काय करतात? तुळसालाही आता तेच वेड लागलं होतं. शाळेतला नकाशा उघडून ती निळ्या भागावर बोट फिरवत बसायची. पुस्तकातच लिहिलंय सापडत नाही म्हणून, तरी फिरवायची.

एका सकाळी बांधावर चिखल थापताना बाप तिच्याजवळ आला. धाकू मुळातच कमी बोलणारा, आणि थोरला पोरगा गेल्यापासून तर विचारायलाच नको. गोविंदा मिठाच्या मचव्यावर खलाशी म्हणून गेला होता. अठ्ठेचाळीसच्या वादळानंतर ना मचवा परतला, ना माणसं.

"तुजी आय कं बोलते ठाव हाय तुना?" धाकू म्हणाला. "गोविंदा त्या पोथीतल्या बेटाव असल बोलते."

तुळसाने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"भादवा आला. पितरांत पोराचं पान ठेवू बोललो, तं दर साली अंगाव येते. जित्या पोराचं पान कोन ठेवतं, बोलते." हातातला चिखल त्याने उगाच चाचपला. "पोर उपाशी फिरत असल गो. तुज्या बाईना इचार. पोथी खोटी असल तं सांग तिला. माजा नाय आयकत ती."

तुळसाने बाईंना विचारलं. मंदाकिनीबाई हसल्या. "अगं वेडे, असं बेट असतं का कुठे? लेखकाच्या मनातलं आहे ते सगळं." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचं हसू ओसरलं. "का गं?"

"काही नाही, बाई."

उत्तर तिला ठाऊकच होतं. तरी ती घरी काही बोलली नाही. रोज पानं मात्र कमी कमी वाचू लागली. घसा दुखतोय म्हणे, डोळे चुरचुरतायत म्हणे. धाकू दारातून नुसता बघायचा आणि तिला मान वर करवत नसे.

पण पुस्तक परत करायचा दिवस आला आणि शेवटचं प्रकरण वाचावंच लागलं. पोथीची समाप्ती म्हणून गोदाने खीर केली होती. नायक तराफा बांधून निसटला, गावी पोचला. आईने त्याला चालीवरून ओळखलं. पुस्तक संपलं.

"आनि बाकीचे?" गोदाने विचारलं.

पुढे कोरं पान होतं. गोदाला वाचता येत नव्हतं. बाकीचेही एकेक करून घरी आले, एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य तुळसाच्या ओठांवर येऊन थांबलं. दारात धाकू उभा होता.

"लिवलं नाय," ती म्हणाली. "आय, असा बेट नाय कुटं. लिवनाऱ्यानं मनातनं काडलाय सगला."

गोदाने दिव्याची वात सारखी केली.

"मना ठाव हाय."

"कवापासना?"

"तू मिठाचं सांगितलं नाय ना, तवापासना. मीठ नाय तं मानसं रातील कशी?"

"मंग रोज कशाला बसलीस गो?"

"तू वाचाचीस तवर तो तिकडं असाचा," गोदा म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने रडली. धाकू आत येऊन तिच्याशेजारी जमिनीवर टेकला.

तुळसाने बाईंना लिहून दिलं ते जेमतेम अर्धं पान होतं. पुस्तक मला फार आवडलं. बेटावर मीठ असायला हवं होतं. जे परत आले नाहीत, त्यांच्या आयांचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा हळदीचा डागही पाहिला. कपाटाची किल्ली काढून तिला म्हणाल्या, "ये, दुसरं तूच निवड."

भाद्रपदात धाकूने केळीचं पान धुऊन आणलं. गोदाने भात वाढला, वालाची भाजी, वडे, खीर वाढली. मग ती आत गेली आणि मडक्यातलं मीठ घेऊन आली. आपल्याच आगरातलं, जाडं. चिमूटभर वाढायचं तिथे तिने पानाच्या कडेला ओंजळ रिती केली.

"येवरा कशाला?" धाकूने विचारलं.

"बाकीचे बी हायेत ना तिकडं," गोदा म्हणाली.

धाकूने पान दोन्ही हातांनी उचललं आणि कौलांवर ठेवलं.