मेहेरबानी न लिहिलेला अर्ज

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वकिलातीतून फोन आला. परदेशी बंदरात दोन महिने अडकवून ठेवलेल्या तेलवाहू जहाजावरच्या बारा खलाशांपैकी अकरा जण सुटले होते. राहिलेला एक म्हणजे अमरदीप सखाराम तांबे, वय सव्वीस, राहणार रत्नागिरी.

फोन त्याच्या थोरल्या बहिणीने, करुणाने घेतला.

"एकट्यालाच का ठेवलं?"

पलीकडचे अधिकारी सभ्य होते. "मॅडम, तुमच्या अर्जामुळे."

अर्ज तिनेच लिहिला होता. करुणा पाच वर्षं पीएचडी करत होती. पकडलेल्या जहाजांबद्दल आंतरराष्ट्रीय कायदा काय सांगतो आणि देश एकमेकांशी प्रत्यक्षात कसे वागतात, हे तिला एकत्र मांडायचं होतं. समितीतले कायद्याचे सर म्हणत, हे राजकारण झालं. राज्यशास्त्राच्या बाई म्हणत, हा कायदा झाला. शेवटी मार्गदर्शक नम्रता मॅडम वैतागल्या. "करुणा, फॉर्मवर विषयाचा रकाना एकच आहे. काय ते एक ठरव."

तिने कायदा ठेवला आणि प्रबंधातलं चौथं प्रकरण काढून टाकलं. त्यात जिल्ह्यातल्या, पूर्वी असेच अडकलेल्या एकतीस खलाशांच्या घरी जाऊन घेतलेल्या मुलाखती होत्या. निघालं होतं ते एवढंच, की ज्यांनी माफी मागितली त्यांची माणसं लवकर सुटली. ज्यांनी कायद्यावर बोट ठेवलं त्यांची फाइल त्या देशाच्या राजधानीत गेली, कारण आपण केलेली अटक चुकीची होती, असं बंदरावरचा अधिकारी कधी लिहून देत नाही.

म्हणजे तिला माहीत होतं.

वकिलातीने प्रत्येक घराला एका पानाचा नमुना पाठवला होता. 'चूक झाली असल्यास मेहेरबानी करून माफ करावे.' वडील, आप्पा, निवृत्त शिक्षक. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"आपल्या घरात अर्जात मेहेरबानी लिहीत नाहीत. माझ्या बापाने पाण्यासाठी अर्ज केला, तेव्हाही त्याने तो शब्द लिहिला नाही. हक्क असेल तर हक्क लिही. शिकलीस कशाला?"

करुणाने चौथ्या प्रकरणाचं नाव काढलं नाही. चार पानं लिहिली. जहाज खुल्या समुद्रात होतं, म्हणून अटकच बेकायदा. आप्पांनी ती आईला मोठ्याने वाचून दाखवली आणि ताठ अक्षरात सही केली.

दुपारी जयगडहून रावजी आले. त्यांचा ऋत्विक त्याच जहाजावर होता, तो सुटला होता. पेढ्यांचा पुडा त्यांनी पिशवीतच ठेवला.

"आम्ही काय, छापील कागदावर सही ठोकली," ते म्हणाले. "तुमच्या घरात एवढी शिकलेली बाय, म्हटलं तुमचाच पयला सुटंल."

"चहा घ्या, रावजी," आई म्हणाली. चहा कोणी घेतला नाही.

ते गेल्यावर आप्पांनी घडी घातलेला नमुना उघडला. मग खुर्ची ओढून बसले. "लिही."

"काय लिहू?"

"नमुन्यात आहे ते. तो शब्दसुद्धा."

करुणाने टाइप केलं. आप्पांनी न वाचता सही केली.

"आप्पा, मला आधी ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मलापण होतं," आप्पा म्हणाले. "सगळ्यांनाच असतं गो."

सोमवारी वकिलातीने कळवलं, की फाइल राजधानीत गेल्यामुळे बंदराधिकारी आता माफीनामा घेत नाहीत. तिथला कायदा विभाग अटक कायदेशीर होती का एवढंच तपासतो, विनंत्या वाचत नाही. विनंत्या परराष्ट्र विभाग वाचतो. पण कायदा विभागाचं मत आल्याशिवाय तो फाइल उघडत नाही.

"दोन्हीकडे एकदम नाही का देता येणार?" करुणाने विचारलं.

"तशी पद्धत नाही, मॅडम."

त्या रात्री अमरदीपचा मेसेज आला. 'ताई, बाकीचे गेले. जहाजावर मी आणि दोन पहारेकरी. वेफर्स देतात. तुझं पुस्तक झालं का?' तिने उत्तर पाठवलं. त्यावर एकच टिक उमटली.

मंगळवारी दुपारी चार वाजता वकिलातीकडून दुसऱ्या अर्जाची पोच आली. 'अर्ज मिळाला. संबंधित विभाग निश्चित व्हायचा आहे.'

संध्याकाळपर्यंत टिक एकच होती.