बजरीची ओकारी

झाई गावच्या दौलतभाईंचा पोपट या जातीशीच उभा दावा. चिकूची वाडी राखायची म्हणजे जन्मभर डबे बडवून पोपट हाकायचे. आणि आता लेकीने, मयूरीने, नोकरीसाठी वापीला जाताना आपला पाळलेला पोपट आईबापाच्याच गळ्यात मारला होता. बजरी जातीचा, चिमणीएवढा, हिरवापिवळा. "चोर आणून घरात बसवला," असं दौलतभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पिंजऱ्याकडे ढुंकूनही न बघता.

बघायचे ते बायको, नर्मदाबेन, बाजाराला गेल्यावर. मग पिंजऱ्याचं दार उघडायचं, पोपटाला बोटावर घ्यायचं आणि खिशातल्या चिकूची फोड भरवायची. बायकोला कळलं तर गावभर होईल, ही एकच धास्ती.

त्या दिवशी मात्र चिकू खाऊन झाल्यावर पोपटाने मान वरखाली हलवली आणि दौलतभाईंच्या अंगठ्यावर ओले दाणे ओकले. आदल्याच दिवशी वाडीत फवारणी झाली होती, आणि खिशात टाकलेला चिकू कुठल्या झाडाचा, ते काही आठवेना.

"तुझा पोपट ओकतो," एवढंच त्यांनी बायकोला सांगितलं. नर्मदाबेननी पिंजऱ्यावर जुनी साडी टाकली आणि दोघं डहाणूच्या बसमध्ये चढली. वाटभर दौलतभाईंना एकच घोर. चिकूचं सांगावं तर आजवरचा रुबाब जाणार, न सांगावं तर पोपट जाणार.

"खायला काय देता?" दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं.

"राळे नि कोथिंबीर. दुसरं काय नाय," नर्मदाबेन म्हणाल्या.

दौलतभाईंनी घसा खाकरला. "चिकू. मी देतो, रोज. आजचा फवारलेला असेल. मीच मारला त्याला."

नर्मदाबेन पोपट सोडून नवऱ्याकडेच बघत राहिल्या.

डॉक्टरबाईंनी पोपटाला नीट तपासलं. आजारी पक्षी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहतो, त्या म्हणाल्या. ओकताना डोकं झटकतो, तोंडाभोवतीची पिसं चिकट होतात. हा पठ्ठ्या तर टेबलावरच्या पेनाचं टोपण पळवत होता.

"ओकला तेव्हा समोर कोण होतं?"

"मीच."

"बोट पुढे करा बघू."

पोपट टुणकन बोटावर चढला, मान वरखाली हलवली आणि दौलतभाईंच्या नखाशी हळूच दाणे ठेवले. डॉक्टरबाई हसल्या. "ही ओकारी नाही, काका. नर आपल्या मादीला असा पोटातला घास काढून भरवतो. त्याने तुम्हाला बायको मानलंय. फवारलेलं फळ मात्र देऊ नका, आणि कधी मलूल दिसला तर लगेच घेऊन या."

नर्मदाबेनना हसू आवरेना. बसस्टँडवर केळी घेतानाही त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. बसमध्ये बसल्यावर मात्र त्या नवऱ्याकडे वळल्या.

"लग्नात मी घास भरवायला गेले, तेव्हा तुम्ही तोंड फिरवलं होतं," त्या म्हणाल्या.

"लोक बघत होते. लाज वाटली."

"आणि आता?"

नर्मदाबेननी केळं सोललं, तुकडा मोडला आणि नवऱ्याच्या तोंडासमोर धरला. बस खच्चून भरलेली, त्यात निम्मी माणसं झाईचीच, आणि सगळ्यांच्या माना इकडेच वळलेल्या.

"आता पण वाटते," दौलतभाई म्हणाले, आणि त्यांनी आ केला.